गिऱ्हाईक आलं की भिंत ओली

१

सकाळी ठणठणीत कोरडी असलेली भिंत दुपारच्या आत ओली झाली आणि घर बघायला आलेलं तिसरं गिऱ्हाईक आल्या पावली परत गेलं.

मोठ्या भावाने, दादाने, फोनवर ही बातमी दिली तेव्हा आत्या शब्दकोडं सोडवत बसली होती आणि मनातून कंटाळून गेली होती. विमा कंपनीत तिने उभा जन्म नुकसानीच्या पाहण्या केल्या होत्या. जळलेली गोदामं, भिजलेल्या गिरण्या, खचलेले जिने बघायचे आणि खरं किती नि बनाव किती ते सांगायचं, हे तिचं काम. तिच्या ऑफिसातले साहेबसुद्धा तिला वचकून असत. निवृत्तीनंतर मात्र कोणी साधा खोटा दावासुद्धा तिच्यापुढे आणला नव्हता.

"तीच भिंत?" तिने विचारलं.

"तीच भिंत आणि तोच कोपरा. दुसऱ्या दिवशी आपोआप वाळते. मधल्या दिवसांत काही नाही. गिऱ्हाईक यायचं असलं की हिला पाझर फुटतो. अगं, मी इथे रडकुंडीला आलोय आणि तू हसतेयस?"

"हसत नाहीये रे. कशाला हात लावू नकोस. मी निघालेच!"

ती हसतच होती. पिशवीत चार कपडे आणि बॅटरी कोंबून ती बसस्टँडकडे धावत सुटली. पण बस डोंगराला लागली तसं तिचं हसू मावळलं. दादाच्या दोन्ही किडन्या बंद पडल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्याला याच वळणावळणाच्या रस्त्याने डायलिसिससाठी शहरातल्या हॉस्पिटलात जावं लागे आणि परतताना तो अर्धमेला झालेला असे. हॉस्पिटलजवळ एखादा फ्लॅट घ्या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फ्लॅट घ्यायचा तर घर विकायला हवं होतं, आणि त्या इवल्याशा गावात घरं विकली जात ती फक्त गावचा तलाव भरून देखणा दिसत असेपर्यंत. पाणी उतरलं, चिखल उघडा पडला की शहरातलं काळं कुत्रं तिकडे फिरकत नसे. यंदाचे हे काही आठवडे हुकले तर आणखी एक वर्ष थांबावं लागणार होतं, आणि वर्षभर हा रस्ता दादाला झेपेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

बसमधून उतरेपर्यंत आत्या पुरती तापली होती. हा चावटपणा ज्याने केला त्याची ती धडगत ठेवणार नव्हती.

२

घर बैठं होतं. पुढे मोठी खोली, मागे स्वयंपाकघर, उजवीकडे झोपायची खोली, डावीकडे अडगळीची. अडगळीच्या खोलीत दादाच्या मुलीची रोपवाटिका वाढत वाढत घुसली होती. तिचं नाव कागदोपत्री काही का असेना, पस्तिशीतही ती सगळ्यांची छकुलीच होती. घरामागच्या जागेत ती रोपं वाढवून विकायची, आणि तिथे न मावणारी नाजूक रोपं आत ठेवायची.

"आत्या, जपून, बाटल्या लवंडतील," ती म्हणाली.

प्रत्येक कुंडीशेजारी पाण्याची बाटली होती आणि बाटलीतून कुंडीत सुती वात सोडलेली. छकुली बाहेरगावी गेली की वात हळूहळू पाणी ओढायची आणि रोपं दिवसभर तहानलेली राहत नसत. आत्याने जपून पाय टाकत खोलीला चक्कर मारली. पाण्याची पाइपलाइन या भिंतीच्या आसपासही नव्हती. वर छप्परही कोरडं खडखडीत होतं.

मग तिने मोर्चा पुढच्या खोलीतल्या भिंतीकडे वळवला. हीच भिंत, पण अलीकडची बाजू. तळाशी लाकडी पट्टी होती आणि पट्टीच्या वर परातीएवढा वाळलेला डाग दिसत होता. आत्या गुडघे कुरकुरवत खाली बसली. तिने भिंतीवर टिचकी मारली, नख लावलं, बॅटरीचा झोत आडवा टाकला. शेवटी बोट ओलं करून डागावर फिरवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"शी! आत्या, भिंत चाटतेयस?" छकुली ओरडली.

दादा आरामखुर्चीत होता. त्याने डोळे मिटून घेतले. "ऑफिसात काय काय करत होतीस देव जाणे."

खरी ओल जमिनीतून वर चढते तेव्हा मातीतला खार घेऊन येते. भिंतीवर पांढरी पूड फुटते, रंगाचे पापुद्रे सुटतात, जीभ खारट होते. इथे रंग जसाच्या तसा होता आणि खाराचा मागमूस नव्हता. डागाची कड तेवढी तपकिरी होती, आणि ती चव आत्याला चांगली ओळखीची होती. मधुमेह झाल्यापासून ती हीच चव साखरेशिवाय रोज घेत होती.

ती उठली तेव्हा तिचे डोळे लकाकत होते.

"दादा, तुझ्या भिंतीला काहीही झालेलं नाही. ही ओल नव्हेच. हा चहा आहे! कोणीतरी तुझं घर मुद्दाम बिघडवतंय."

३

एजंटचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. दुकानात एक टेबल, दोन खुर्च्या आणि चिंतेने काळवंडलेला एजंट.

"चहा? भिंतीला?" तो उडालाच. "बाई, मी या गावात लहानाचा मोठा झालो. घर पाडायला निघालेली माणसं पाहिली, चहा पाजणारं कोणी पाहिलं नाही."

"गावात आणखी कुणाचं घर विकायला आहे?"

"नाही, आणि असणारही नाही. माझी एकच पाटी आहे. एका वेळी एकच घर. वडिलांपासूनची रीत." त्याने खुर्ची पुढे ओढली. रीत समजावून सांगायला त्याला आवडत असावं. "असं बघा, इथे गिऱ्हाईक येणार हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं. त्यांना दोन घरं दाखवली की ते याचा भाव त्याला सांगतात आणि त्याचा याला, आणि शेवटी दोन्ही घरं तशीच पडून राहतात. म्हणून गावाने रांग लावलीय. पाटी ज्याच्या फाटकावर, त्याचंच घर दाखवायचं. ते विकलं गेलं किंवा मालकाने नको म्हटलं, की पाटी पुढच्याच्या फाटकावर."

"आणि पुढचं कोण?"

"मॅनेजरसाहेब. बँकेतून निवृत्त झालेत. मुलाकडे जायला उतावीळ झालेत."

आत्याने ते नाव मनात टिपून ठेवलं. "घर दाखवताना घरात कोण असतं?"

"मी आणि गिऱ्हाईक. मालकाला मी सकाळीच बाहेर काढतो. मालक घरात असला की बडबडतो, इथे माझं लग्न झालं आणि तिथे मांजर व्यायली. गिऱ्हाईक कंटाळून जातं. म्हणून दादा बेकरीत बसतात. छकुलीताई त्या दिवशी शहरात कुंड्या आणायला जाते. दिवस तीच ठरवते, तिच्या सोयीने. बस गेली की मी एकदा घरात फेरी मारतो, भिंत नीट बघतो, कुलूप लावतो आणि गिऱ्हाईक घेऊन येतो. तिन्ही वेळेला सकाळी भिंत कोरडी होती बाई. माझ्या मुलांची शपथ."

"किल्ली?"

एजंटने मागे बोट दाखवलं. दारामागच्या खिळ्यावर किल्ली लोंबत होती. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही हात घालून ती काढता आली असती. आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं की तो खुर्चीतच आक्रसला.

"इथे चोऱ्या होत नाहीत हो," तो पुटपुटला.

४

मॅनेजरसाहेब बागेत गुलाबांवर फवारा मारत होते. भिंतीवर चहा उडवायला अगदी सोयीचा असा तो फवारा पाहून आत्याच्या अंगावर आनंदाने काटा आला. उघड्या दारातून आत बांधून ठेवलेली खोकी दिसत होती. माणूस निघायच्या तयारीत होता.

"दादांचं घर विकलं जात नाही म्हणे," आत्याने खडा टाकला.

"नाव काढू नका!" साहेबांनी फवारा आपटला. "तीन गिऱ्हाइकं पळाली! माझी खोकी बांधून पडलीत. चहा प्यायला कपसुद्धा बाहेर ठेवला नाही मी. दादांचं घर आज विकलं जावं म्हणून मी देवाला साकडं घालतोय. ते गेल्याशिवाय माझा नंबर लागत नाही, कळतंय का तुम्हाला?"

कळलं, आणि आत्याचा चेहरा पडला. इतका छान संशयित होता! पण रांग अशी होती की दादाचं घर अडलं तर सर्वांत जास्त हाल याचेच होणार. स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायला तो काही खुळा नव्हता. आणि एजंटचं तर पोटच विक्रीवर होतं. दोघेही सुटले.

राहिला बेकरीवाला. त्याच्याकडे मात्र कारण होतं. दादा गेला तर रोज दुपारी पत्त्यांचा डाव कोणाशी मांडायचा? शिवाय पावावर पाणी मारायचा पितळी फवारा त्याच्याही हाताशी होता. आत्याला एव्हाना कळून चुकलं होतं की या गावात फवारा नसलेलं घरच नाही.

"दादा जाऊ नयेत असं वाटतं ना तुम्हाला?" तिने सरळ विचारलं.

"वाटतं की." बेकरीवाल्याने लपवलं नाही. "रात्रंदिवस वाटतं. पण परवा डायलिसिसहून आले तेव्हा मी त्यांना जीपमधून अक्षरशः उचलून उतरवलं. असा माणूस मी पत्ते खेळायला ठेवून घेऊ?" त्याने फवारा खाली ठेवला. "आणि तिन्ही वेळेला दादा माझ्यासमोर होते. मी भट्टी सोडून हललो असतो तर पाव जळले असते. त्यांनाच विचारा."

आत्याने विचारलं होतं. ते खरं होतं.

"छकुलीताईलाच माझी काळजी वाटू लागली आहे," तो पुढे म्हणाला. "म्हणजे मला तिची. शहरात जायच्या दिवशी दादांना इथे सोडते. मी गरम पाव पुढे करतो, तर हात लावत नाही. पूर्वी दोन खायची. इतका उकाडा आहे तरी लांब बाह्यांचे कपडे घालते. मध्ये एकदा दोघांचं इथेच भांडण झालं. डॉक्टरांनी काहीतरी सुचवलं होतं म्हणे. दादा असे कडाडले की गिऱ्हाइकं पाव टाकून बाहेर. परत हा विषय काढलास तर औषधं बंद करीन म्हणाले. तेव्हापासून ती गप्पच झाली."

"कसला विषय?"

"ते काही कळलं नाही."

आत्या बेकरीतून बाहेर पडली तेव्हा तिच्या हातात एकही संशयित उरला नव्हता. उरला होता फक्त सापळा.

५

तिने एजंटला एकट्याला गाठलं आणि गावभर एक खोटीच बातमी पसरवायला लावली. शहरातलं बडं गिऱ्हाईक येतंय, एकदम रोखठोक. एजंटला बातमी पसरवायला शिकवावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत बाजारात तोच विषय होता. छकुलीने नेहमीप्रमाणे आपल्या सोयीचा दिवस सांगितला.

त्या सकाळी छकुलीने किटलीभर कडक चहा केला. दादाला मोजून अर्धा कप, आत्याला बिनसाखरेचा. स्वतःसाठी तिने ओतलाच नाही.

"तू?"

"बसमध्ये मळमळतं गं," ती म्हणाली आणि किटली घेऊन आत गेली.

ती दादाला घेऊन बेकरीकडे निघाली. आपण बाजारात जातो असं सांगून आत्याही निघाली, कोपऱ्यावर वळली, घराला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरली आणि तिने आतून कडी घातली. झोपायच्या खोलीच्या पडद्याआड ती उभी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला तरुण झाल्यासारखं वाटत होतं.

बस गेल्याचा आवाज आला. एजंट आला. त्याने भिंतीवरून हात फिरवला, ती कोरडी असल्याची खात्री केली आणि पुढच्या दाराला कुलूप लावून तो गेला.

आत्या खुर्ची ओढून भिंतीसमोर बसली. आता जो कोणी येईल त्याची मानगूट तिच्या हातात सापडणार होती. तिने कान टवकारले. रस्त्यावरून सायकल गेली. कोणीतरी कोणाला तरी हाक मारली. फाटक वाजलं नाही, कुलपात किल्ली फिरली नाही, खिडकीपाशी सावलीसुद्धा आली नाही. वाट बघून बघून तिची मान अवघडली. ती मान मोडायला वळली, परत भिंतीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजली.

लाकडी पट्टीच्या वर, रुपयाएवढा, ओला डाग उमटला होता.

घरात ती एकटी होती. आणि तिच्या डोळ्यांदेखत डाग वाढत होता.

६

भुताखेतांवर आत्याचा विश्वास नव्हता, पण क्षणभर तिनेही मागे वळून पाहिलं. मग डोकं चालू लागलं आणि तिने आपल्याच कपाळावर चापट मारली. बाहेरून कोणी आलं नाही, म्हणजे जे काही होतं ते आधीपासूनच घरात होतं!

ती अडगळीच्या खोलीत घुसली. कुंड्या, बाटल्या, वाती. पहिल्या दिवशी तिने हे सगळं पाहिलं होतं, आणि म्हणूनच पाहिलं नव्हतं. आज ती एकेका वातीवरून बोट फिरवत गेली. ही वात कुंडीत, ही कुंडीत, हीसुद्धा कुंडीत. कोपऱ्यातल्या जास्वंदीमागची बाटली मात्र जरा उंच विटेवर ठेवलेली होती आणि तिच्यातलं पाणी तपकिरी होतं. तिची वात कुंडीकडे वळलीच नव्हती. ती भिंतीतल्या एका भोकात शिरली होती. पूर्वी कधीतरी विजेची तार ओढायला पाडलेलं ते भोक पलीकडे बरोब्बर लाकडी पट्टीच्या मागे निघत होतं.

"सापडलं!" आत्या टाळी वाजवून ओरडली. काय डोकं होतं! जुना चुन्याचा गिलावा पाण्याला हावरा. वात संथपणे पाणी पोचवणार, गिलावा ते शोषून वर चढवणार. सकाळी एजंट बघेल तेव्हा भिंत कोरडी आणि गिऱ्हाईक येईपर्यंत डाग परातीएवढा. जुन्या ओलीसारखा दिसावा म्हणून पाण्यात चहा. असला नामी बनाव तिने आख्ख्या नोकरीत पाहिला नव्हता.

टाळी वाजवलेले हात तसेच राहिले. बाटल्या छकुलीच्या. वाती छकुलीच्या. सकाळच्या उरलेल्या चहाची किटली घेऊन आत गेली तीही छकुलीच.

आत्या जास्वंदीशेजारी जमिनीवर बसली. तिला मनापासून वाईट वाटलं आणि रागही आला. बाप रस्त्यात अर्धा होतोय आणि पोरगी घर अडवून बसलीय? घराचा एवढा मोह? पण ही ती छकुली नव्हे. बापासाठी जीव ओवाळून टाकणारी मुलगी ती. मग का?

तिने पुन्हा पहिल्यापासून सगळं आठवलं. घर दाखवायचा दिवस छकुली ठरवते, आणि त्या दिवशी शहरात जाते. कुंड्या आणायला म्हणून जाते, पण या खोलीत एकही नवी कुंडी नव्हती. सगळ्या जुन्या, काठाला शेवाळ धरलेल्या. त्या दिवशी ती चहा घेत नाही, पाव खात नाही. उकाड्यात लांब बाह्या घालते. आणि डॉक्टरांनी सुचवलेला तो विषय, ज्यावरून दादा औषधं बंद करायला निघाला होता.

तो विषय काय असेल हे आत्याने ओळखायला हवं होतं. दादा आजारी पडला तेव्हा तिने स्वतःच डॉक्टरांना विचारलं होतं, आणि मधुमेह आहे म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं होतं.

७

संध्याकाळ व्हायच्या आत सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलवावंच लागलं. गावात एव्हाना मॅनेजरसाहेब एजंटला चोर म्हणत होते, एजंट बेकरीवाल्याला, आणि आणखी उशीर झाला असता तर तिघे हातघाईवर आले असते.

"भिंत ओली करणारा माणूस मला सापडला आहे," आत्या म्हणाली. "तो बाहेरचा नाही."

मॅनेजरसाहेबांनी एजंटकडे पाहिलं, एजंटने बेकरीवाल्याकडे.

"मी केलं," दादा म्हणाला.

"काय?" एजंट किंचाळला.

"मीच केलं. घर सोडवेना मला. आता संपवा हे."

आत्याने भावाकडे पाहिलं. म्हणजे त्यालाही संशय होता तर! पोरीला घराचा लळा आहे असं समजून म्हाताऱ्याने गुन्हा आपल्या अंगावर घेतला होता.

"दादा, तुला खाली वाकून चपलेचा बंद लावता येत नाही. तू जमिनीवर पालथा पडून भोकात वात घातलीस? खोटा दावा आहे. नामंजूर!"

तेवढ्यात दारात छकुली उभी राहिली. बसमधून उतरून ती पळत आली असावी. चेहरा लाल झाला होता आणि ती धापा टाकत होती. सगळी मंडळी पाहून ती दचकली. मग तिची नजर ओल्या डागाकडे गेली आणि तिथून आत्याकडे.

"बाही वर कर, बाळ," आत्या म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता तितका करडा निघाला नाही.

छकुलीने बाही वर सरकवली. कोपराच्या खळगीत कापूस चिकटवला होता आणि भोवती सुया टोचल्याचे निळे-पिवळे डाग होते.

"ही कुंड्या आणायला जात नव्हती," आत्या बाकीच्यांना म्हणाली. "उपाशीपोटी तपासण्या करून घ्यायला जात होती. आपली एक किडनी बापाला चालेल का, ते बघायला. दादा, तू औषधं सोडायची धमकी दिलीस म्हणून तुला कळू दिलं नाही. किडनी जुळली तर आठवड्यातून तीनदा हा डोंगर चढायला नको, फ्लॅट नको, घर विकायला नको. पण निकाल हातात यायच्या आत घर गेलं तर? या गावात एकदा गेलेलं घर परत मिळत नाही. हिला तेवढे दिवस हवे होते, म्हणून हिने भिंतीला चहा पाजला."

"नाही जुळली तर?" एजंटला राहवलं नाही. "माझा सगळा हंगाम वाया!"

"नसती जुळली तर शेवटचं गिऱ्हाईक मी स्वतः हाताला धरून आणलं असतं," छकुली म्हणाली. "तलावात अजून पाणी आहे, काका. मी रोज जाऊन बघते."

"नसती जुळली तर, म्हणजे?" आत्या ताडकन उठली. "म्हणजे आज..."

"जुळली!" छकुलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ती हसायला लागली. "आत्या, सगळं जुळलं! डॉक्टर म्हणाले उद्या बाबांना घेऊन या!"

बेकरीवाल्याने तिला उचलायचंच बाकी ठेवलं. मॅनेजरसाहेबांनी एजंटलाच मिठी मारली. दादा मात्र खुर्चीतून थरथरत उठला.

"नाही म्हणजे नाही! पोरीच्या अंगाला सुरी लावून मला जगायचं नाही! मी सही करणार नाही. घर विकणार आणि फ्लॅटवर जाणार. संपलं!"

"आणि तिथे मी रोज तुम्हाला वाळताना बघत बसू?" छकुलीही कडाडली. बापाचाच आवाज होता तो. "आई गेली तेव्हा मला काही करता आलं नाही. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. आता आहे, तर तुम्ही मला ते करू देत नाही! बाबा, तुम्हाला गमावून मी हे धडधाकट शरीर घेऊन काय करू?"

दादाने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

एजंट खिडकीपाशी धावला. "गाडी! शहरातली गाडी! पाटी बघून थांबलेत. नवरा-बायको उतरलीसुद्धा. देवा, डाग! कोणीतरी तिथे खुर्ची सरकवा!"

कोणी हललं नाही. सगळे दादाकडे बघत होते. उभ्या जन्मात आत्याने कोणत्याही निकालाची अशी वाट पाहिली नव्हती, आणि हा तिच्या हातात नव्हता.

दादा भिंतीचा आधार घेत घेत दारापर्यंत गेला. पायरीशी ते जोडपं उभं होतं. बाईंची नजर दादाच्या खांद्यावरून आत, थेट डागावर गेली.

"ती ओल आहे का हो?"

"छे!" दादा म्हणाला. "चहा आहे. माझ्या मुलीने केलेला. घर खणखणीत आहे, वीटसुद्धा हललेली नाही."

"मग आम्ही आत येऊन बघू का?"

"चहाला या. पण घर विकायचं नाही."

"दादा!" एजंट कळवळला.

"अहो, पण पाटी..." ते गृहस्थ म्हणाले.

"उतरवतोय. मॅनेजरसाहेबांचं बघा, छान आहे." दादाने मागे हात केला आणि छकुलीचा हात चाचपत धरला. कापूस चिकटवलेल्या जागी धक्का लागू नये म्हणून त्याने तो मनगटापाशीच धरला होता. "आमचं दोघांचं ऑपरेशन आहे. हॉस्पिटलातून परत यायला घर नको का?"

छकुली दारातच बसली आणि लहान मुलीसारखी हमसाहमशी रडू लागली. दादा तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिला.